घर आणि पडदा, लेखांक ६ : सुतकात कुणी बसायचं?

मालिकेतल्या घरात सासू-सुनेचं नातं कसं रचलं जातं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्या नात्यांकडे वळू, ज्यांना घरात कुणी नाव देत नाही. दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं नातं, मैत्री म्हणून सुरू झालेलं आणि पुढे मैत्रीत न मावणारं. अशी कथा आली की प्रेक्षक आणि समीक्षक दोघेही आधी विचारतात, हे दोघं नक्की कोण आहेत ते लेखक स्पष्ट का सांगत नाही? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. त्या नात्यामुळे घरातले हक्क कसे हलतात, ते आधी पाहावं. कुणाला उघड रडता येतं, कुणाच्या लग्नाची चर्चा चारचौघांत निघते, कुणाला खोली मिळते, कुणाला सुतकात बसता येतं. लेखक खरं लिहितो आहे की नाही, ते इथे कळतं.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ साली आलेली कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे खोली घेऊन राहणारा एक तरुण, आणि त्याच्यात गुंतलेले बहीण-भाऊ, अनुजा आणि तनय. तो अनुजाबरोबर निघून जातो, पुढे तिलाही सोडतो. तेच दिवस आधी भाऊ सांगतो, मग बहीण. त्या तरुणाला पुस्तकभर नाव नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते घराचं वागणं. अनुजा परतल्यावर सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. राग, काळजी, लोक काय म्हणतील याची भीती, सगळं तिच्या वाट्याला येतं. तनयनेही तोच माणूस गमावला आहे, पण त्याला कुणी काही विचारत नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही होतं हेच कुणाला ठाऊक नाही. अनुजाच्या दुःखावर घर रागावू तरी शकतं. तनयच्या दुःखाला तेवढीही जागा नाही. कुंडलकरांनीच पुढे केलेल्या २०२२ च्या चित्रपटात हे घर केरळात गेलं, तरी पेच तोच राहिला.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट हाच प्रश्न थेट दहा दिवसांच्या सुतकात नेऊन ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाने मिळवलं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून मूळ गावी येतो. दिवस पाळायचे असतात, नातेवाईक जमलेले असतात, आणि त्या दुखवट्यातच त्याच्या लग्नाचा विषय निघतो. गावातला बालपणीचा मित्र बाळ्या याच्यामागेही लग्नाचा तगादा आहे. आनंदच्या आईला मुलाचं खरं ठाऊक आहे, आणि नातेवाइकांपुढे ती ते राखते. आई-मुलाचं नातं इथे आनंद आणि बाळ्या यांच्या नात्याची राखण करतं. मराठी पडद्यावर आईचं इतकं खोल चित्रण मी क्वचितच पाहिलं आहे, आणि त्यात कुणी कुणाला आपली ओळख जाहीर करत बसत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नातं मोघम ठेवणं ही निर्मात्यांची पळवाट असू शकते: एका प्रेक्षकाला दिलासा द्यायचा, दुसऱ्याला दुखवायचं नाही, आणि दोघांनाही बांधून ठेवायचं. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण लेखकाने लपवणं आणि पात्राला बोलता न येणं, यांत फरक आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये, १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात, सुमित्रा, म्हणजेच मित्रा, महाविद्यालयातल्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नमाच्या प्रेमात पडते. दोघींना भेटायला सुमित्राचा सोबती बापू याची खोली लागते. मित्राचं प्रेम नाटक लपवत नाही. नावावाचून उरतं ते बापूचं आणि मित्राचं नातं: तो तिचा प्रियकर नाही, भाऊ नाही, आणि तरी तिचा सगळा भार वाहतो. ते काढून टाकलं तर नाटकच उभं राहत नाही. पळवाटेचं नातं मात्र कथेतून वगळलं तरी कथेचं काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे पुण्या-मुंबईचं, बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या गावाचा याच्याशी काय संबंध? 'साबर बोंडं'चं गाव संगमनेर तालुक्यातलं आहे, एवढं सांगून भागलं असतं. पण खरं कारण निराळं आहे. शहरात माणूस भाड्याच्या खोलीआड राहू शकतो. सुलतानपुरात दहाव्याला कोण आलं, कोण नाही, हे सगळ्या गावाला दिसतं. हक्कांची ही गोष्ट गावातच जास्त ठळक होते. राज्यव्यवस्थाही याच पेचात आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच घरातले मानावेत. लग्न नाही, पण रेशनकार्डावर एक घर. नाव न देता हक्क देण्याची ही सुरुवात आहे, आणि ती अपुरी आहे.

आता दूरचित्रवाणी. 'कारभारी लयभारी' या मालिकेत गंगा ही व्यक्तिरेखा तृतीयपंथी कलावंताने साकारली, हे मोलाचं पाऊल होतं. पण बहुतेक मराठी मालिकांतल्या भरल्या घरांत दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं असं नातं औषधालाही सापडत नाही. कुटुंब एकत्र बसून पाहतं, म्हणून नको, असं सांगितलं जातं. याच कुटुंबाने 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ पासून २०२१ पर्यंत पाहिली. विवाहबाह्य संबंध रोज रात्री पचवणाऱ्या प्रेक्षकाला असं नातं पेलणार नाही, हे मला पटत नाही. उलट दोन तासांच्या चित्रपटाला न मिळणारा अवधी मालिकेला मिळतो. वर्षभरात त्या घरात दिवाळी येते, कुणाचं लग्न ठरतं, कुणी दवाखान्यात भरती होतं, वाटणीचा वाद निघतो. प्रत्येक वेळी मुलाचा तो 'मित्र' कुठे उभा असतो? त्याला पंगतीत कुणाशेजारी बसवतात? डॉक्टर बाहेर आल्यावर बोलतात ते कुणाशी? एवढं लेखकाने ठरवलं, तर पात्राच्या तोंडी एकही कबुली न घालता ते नातं पन्नास भाग चालेल.