पडदा काळा झाला म्हणून लॅपटॉप गेला असं नाही



आता पुष्कळ गटांकडे, ग्रामसंघांकडे लॅपटॉप आले आहेत. बचत, कर्जाचे हप्ते, बैठकीचं इतिवृत्त, सगळं त्यात असतं. आणि नेमकं बँकेत कागद द्यायच्या आदल्या दिवशी पडदा काळा होतो. मग घाईघाईने तालुक्याला दुकान गाठायचं. तिथे सांगतात, "स्क्रीन बदलावी लागेल." म्हणजे काही हजार रुपये, तेही गटाच्या बचतीतून. आम्ही गटांमध्ये जातो तेव्हा ही तक्रार हमखास ऐकतो. म्हणून आज आपण बघू, की एकही स्क्रू न काढता घरच्या घरी काय काय तपासता येतं.

पहिला प्रश्न असा, की नुसता पडदा काळा झालाय की अख्खा लॅपटॉप बंद पडलाय? कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा छोटा दिवा लागत-विझत असेल, आतल्या पंख्याची घरघर येत असेल, तर लॅपटॉप जागा आहे. अशा वेळी बटण दाबून धरून तो बंद करू नका, नाहीतर न साठवलेलं काम जाईल. कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबा. आधी एकदा नाव देऊन साठवलेली फाइल समोर उघडी असेल, तर अंधारातही ती साठवली जाते.

आता अंधाराचे प्रकार बघू.

काही मिनिटं हात लावला नाही की पडदा विझतो आणि कळ दाबली की परत येतो, तर हा बिघाड नाहीच. वीज वाचवायला लॅपटॉप स्वतःच तसं करतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर, तिथे किती मिनिटांनी पडदा विझवायचा ते ठरवता येतं. बॅटरीवर आणि चार्जरवर अशा दोन वेगळ्या वेळा असतात. बैठकीत वही बघून नोंदी घालायच्या असतील तर वेळ वाढवून घ्या. बाजूचा दिवा उघडझाप करत असेल तर लॅपटॉप झोपलाय, चालू-बंदचं बटण एकदा हलकेच दाबा.

पडदा काळा नाही, पण मंद झालाय? मग वरच्या ओळीत सूर्याचं चित्र असलेल्या कळा शोधा. त्यांनी उजेड कमी-जास्त होतो. काही लॅपटॉपांत सोबत एफएन ही कळ दाबावी लागते. बॅटरी उतरत आली की बरेच लॅपटॉप आपोआप उजेड कमी करतात. चार्जरची पिन ढिली असली तरी तेच होतं, कारण वायर हलली की लॅपटॉपला वाटतं वीज गेली. पिन आणि भिंतीतलं सॉकेट दोन्ही बघा.

एक गंमत पुष्कळींना माहीत नसते. झाकण मिटलं की लॅपटॉपला कळावं म्हणून बहुतेक लॅपटॉपांत चुंबकाचा उपयोग केलेला असतो. त्यामुळे चुंबकाचं बटण असलेली पर्स, मोबाइलचं चुंबकवालं कव्हर किंवा चुंबकी कडं कळफलकाच्या कडेला आलं, तर झाकण मिटलं असं समजून पडदा विझू शकतो. अशा वस्तू बाजूला ठेवून बघा.

झाकण मागे-पुढे केलं की पडदा जातो-येतो, असं होत असेल तर दोष बहुधा बिजागरीतून जाणाऱ्या वायरचा. तिला डिस्प्ले केबल म्हणतात. ती बदलणं पूर्ण स्क्रीन बदलण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं.

यातलं काहीच नसेल तर विंडोजचं चिन्ह असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशा चारही कळा एकत्र दाबा. चित्र दाखवणारा आतला प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो, उघडं काम जात नाही.

तरीही अंधारच? मग खोलीत काळोख करा आणि मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरपी मारा. अंधुक चित्र, अक्षरं दिसली, तर चित्र तयार होतंय, फक्त पडद्यामागचा दिवा लागत नाही. शेवटची परीक्षा टीव्हीची. एचडीएमआय वायरने लॅपटॉप टीव्हीला जोडा, टीव्हीवर तेच इनपुट निवडा आणि विंडोजची कळ धरून पी दाबा. टीव्हीवर चित्र आलं, तर लॅपटॉपचा मेंदू शाबूत आहे, दोष पडद्याचा किंवा वायरचा. त्याच वेळी टीव्हीवर बघून गटाच्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बँकेची तारीख चुकणार नाही.

आता अख्खा लॅपटॉपच बंद पडत असेल तर हात लावून बघा. खालून तापलाय का? गोधडीवर, उशीवर ठेवला की हवेची भोकं बुजतात आणि जास्त तापल्यावर तो स्वतःला वाचवायला बंद होतो. पाटावर किंवा टेबलावर ठेवा, थंड होऊ द्या. मग चार्जर काढून चालू-बंदचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर लावा आणि सुरू करून बघा. पण खालची बाजू फुगलेली दिसली, कळफलक वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती पेट घेऊ शकते. चार्जर काढा, लॅपटॉप वापरू नका, दाबू नका, थेट जाणकाराकडे न्या.

दुकानात गेलात तर "चालत नाही" एवढंच सांगू नका. "टीव्हीवर चित्र येतं, झाकण हलवल्यावर जातं," असं सांगा. काय बदलणार आणि किती पैसे लागतील ते आधी विचारा. आतली माहिती पुसायची नाही हे बजावा. बदललेला जुना भाग आणि पक्की पावती मागून घ्या. गटाच्या बँक खात्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका.

येत्या बैठकीत दहा मिनिटं काढा आणि लॅपटॉप चांगला असतानाच या कळा प्रत्येकीने स्वतः दाबून बघा. सचिवताई गावाला गेल्या असताना पडदा काळा झाला, तरी गटाचं काम अडायला नको.