प्रार्थनामंदिरातील भ्रमणध्वनी

ख्रिस्ती उपासनेला घंटानाद परका नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साविधीच्या वेळी धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला उंचावतात, तेव्हा अनेक ठिकाणी लहान घंटा वाजवली जाते. त्या नादाने साऱ्यांचे लक्ष वेदीकडे लागते. नेमक्या त्याच क्षणी एखाद्याच्या खिशातील भ्रमणध्वनी वाजला, तर तेच लक्ष वेदीवरून उडून त्या खिशाकडे जाते. प्रवचनानंतर आणि कम्युनियननंतर काही क्षण मौन पाळले जाते. हे मौन एकट्याचे नसते, ते सर्वांनी मिळून निर्माण केलेले असते. म्हणूनच एकाच्या निष्काळजीपणाने ते सर्वांचे मोडते.

आवाज बंद केला म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी व्हॅटिकनमधील सार्वजनिक भेटीत पोप फ्रान्सिस यांनी मिस्सा चालू असताना छायाचित्रे काढण्याच्या सवयीबद्दल खेद व्यक्त केला. धर्मगुरू अंतःकरणे उंचावण्यास सांगतात, भ्रमणध्वनी उंचावण्यास नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. विशेष म्हणजे हा दोष त्यांनी केवळ भाविकांना दिला नाही. काही धर्मगुरू आणि बिशपही असेच करतात, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

मेक्सिकोतील मॉन्टेरे शहरात काही चर्चनी यंत्राचा उपाय यंत्रानेच केला. तेथे संदेशरोधक यंत्रे, म्हणजेच जॅमर, बसवण्यात आल्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले होते. भ्रमणध्वनी आणि मनोरा ज्या कंप्रतेच्या लहरींनी एकमेकांशी जोडलेले असतात, त्याच कंप्रतेच्या लहरी जॅमर सोडतो. त्या गोंगाटात मनोऱ्याचा संदेश भ्रमणध्वनीला ओळखता येत नाही. परंतु अशा लहरी भले-बुरे जाणत नाहीत. गप्पांसाठी आलेला दूरध्वनी अडतो, तसाच रुग्णालयातून आलेलाही अडतो. भारतात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून जॅमर वापरता येत नाही.

शिवाय भ्रमणध्वनी आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. त्यावर बायबल वाचण्याची सोय झाली, आणि आज मराठी बायबलही त्यावर वाचता येते. मान खाली घालून बसलेली व्यक्ती स्तोत्र वाचत आहे की निरोप, हे शेजाऱ्याला कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा तर असंख्य कुटुंबांपर्यंत उपासना पोहोचली ती याच लहानशा पडद्यावरून. महिनोन्‌महिने जे साधन चर्चच्या जागी होते, ते दारे उघडताच बाहेर ठेवा, असे सांगणे सोपे नव्हते.

बायबल आधीच उतरवून घेतले असेल, तर भ्रमणध्वनी विमान-स्थितीत ठेवूनही ते वाचता येते. दूरध्वनी मात्र येत नाहीत. घरी अत्यवस्थ रुग्ण असलेल्या माणसाला हा मार्ग नाही. त्याने घंटी बंद करून केवळ कंपन चालू ठेवावे आणि दाराजवळच्या बाकावर बसावे. असा माणूस मध्येच उठून गेला, तर मागे वळून पाहू नये.