मागे ट्रेलर असताना : ६
उलाळ

ब्रेकचं पुढच्या आठवड्यात. डेन्व्हरच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि तो थांबणारा नाही. त्यांच्या हायलँडरची ओढक्षमता ५००० पौंड, म्हणजे २२६८ किलो. भरलेला कॅम्पर जेमतेम १६००. तरी आय-७०च्या उतारावर साठ मैलांपुढे तो डोलायला लागतो. का?

मी उलट एवढंच विचारलं, की मागे काय टांगलंय? दोन इलेक्ट्रिक सायकली, मागच्या बंपरवरच्या कॅरियरवर. शिवाय पाण्याची टाकी घरूनच काठोकाठ भरलेली. चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे किलो, आणि तेही आसाच्या मागे!

बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना उत्तर कळलंच असेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झाला तर धुरजड, भार बैलांच्या मानेवर. इथे जू म्हणजे हिचचा बॉल. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार त्यावर हवा. त्याहून कमी असेल, तर शेजारून ट्रक गेल्याचा एक झोतही पुरतो. हेलकावा आपोआप विरायला हवा, तो वेगाबरोबर वाढत जातो.

मोजायला घरातला वजनकाटा चालतो, पण थेट ठेवलात तर मोडेल. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा. जाड फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये तीन फूट. काटा फळीसकट शून्यावर आणा. ट्रेलरचा पुढचा जॅक विटेपासून एक फुटावर टेकवा आणि येईल तो आकडा तिप्पट करा. यांच्याकडे आले २२. म्हणजे ६६ किलो, जेमतेम चार टक्के. टाकी रिकामी केली, कॅरियर काढलं, सायकली कॅम्परच्या आत, आसाच्या पुढे आडव्या बांधल्या. आता काटा ५५ दाखवतो. १४३० किलोला १६५, साडेअकरा टक्के. पाणी कॅम्पग्राउंडवर भरा, तिथे नळ असतो.

आता दुसरी बाजू. हे १६५ किलो गाडीच्या अंगावर येतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते सांगणारं. बॉलवरचा भार त्यातूनच वजा होतो. पूर्ण २२६८ ओढायचे म्हटले तर निदान २२७ किलो तिथेच गेले. मग पाच माणसं, बॅगा, बर्फाची पेटी यांचा हिशेब करून बघा. मध्यम एसयूव्ही बहुतेक वेळा इथे हरते, ओढण्यात नाही. जाहिरातीत मात्र ओढक्षमताच मोठ्या अक्षरात.

आणि डोलणं सुरू झालंच तर? गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने उलट ओढाताण करू नका. चाक सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू काढा आणि ट्रेलरचा ब्रेक तेवढा हाताने लावा. त्यासाठी डॅशबोर्डखाली कंट्रोलर हवा. यांच्याकडे तो नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात आधी कंट्रोलर, मग ब्रेक.