उन्हाने रापलेली मान आणि फेसलिफ्ट

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कपाशीत, केळीच्या बागेत आयुष्य काढलेल्या माणसाची मान मागून बघा: कातडी जाड, तपकिरी आणि तिच्यावर शंकरपाळ्यांसारख्या खोल रेघा. पदराखाली झाकलेली त्याच वयाची कातडी मात्र मऊ असते. हा फरक वयाचा नव्हे, उन्हाचा.

फेसलिफ्टने या रेघा जात नाहीत. ती शस्त्रक्रिया ओघळलेल्या गालांसाठी आणि हनुवटीखालच्या सैल मानेसाठी. छेद कानापुढून पाळीखाली व मागे केसांत जातो. नुसती कातडी ताणली तर ती पुन्हा सैल पडते, म्हणून आतला पडदा आणि स्नायू वर ओढून टाके घालतात. हा पडदा १९७६ साली फ्रेंच सर्जनांनी नेमका दाखवून दिला.

शस्त्रक्रियेनंतर तंबाखू, विडी ओढणाऱ्यांची कातडी रक्त कमी पडून काळी पडू शकते. रक्तदाब चढला तर पहिल्या चोवीस तासांत आत रक्त साकळू शकते. व्यसन किंवा रक्तदाब लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे पार्लरच्या पाटीवर नव्हे, वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत तपासा.