सैल टाकीचा ठोका

शंभर लिटर डिझेलचे वजन साधारण 84 किलो भरते. धक्क्याला लागलेल्या होडीत ते निमूट बसून असते. वेगात जाणारी होडी लाटेवरून खाली आपटली, की हाच भार क्षणभर तिप्पटही होऊ शकतो. म्हणजे अडीच क्विंटल. टाकी घट्ट बसलेली असेल तर तो बुडाला दाबतो. बोटभर सैल असेल तर तो बुडाला ठोकतो, आणि खवळलेल्या समुद्रात हे दिवसभर चालते.

टाकी अर्धी असताना त्रास अधिक. गच्च भरलेल्या टाकीत इंधनाला हिंदकळायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत मात्र होडी जिकडे कलेल तिकडे इंधन धावते आणि कल वाढवते. टाकीची रुंदी दुप्पट झाली, की हा परिणाम आठपट होतो. म्हणूनच टाकीच्या मधोमध लांबीभर अखंड पडदा असेल, तर हा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. भोके असलेले पडदे इंधनाची धाव मोडतात, धडक सौम्य करतात. पण होडी कललेलीच राहिली तर इंधन भोकांतून खालच्या बाजूला जातेच.

आता हा ठोका सोसणाऱ्या फायबरच्या बुडाकडे पाहू. काचतंतू ओढ उत्तम सोसतात, त्यांना धरून ठेवणारे रेझिन मात्र ठिसूळ असते. एकाच जागी वारंवार ठोका बसला की रेझिनमध्ये बारीक तडे जातात, थर एकमेकांपासून सुटू लागतात. पत्र्याला पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. फायबर मात्र आतून खचले तरी वरून शाबूत दिसू शकते. म्हणून टाकी हलू लागली की सरळ बुडात स्क्रू मारून पट्टी आवळणे, हा सर्वांत वाईट उपाय. आत लाकडी गाभा असेल तर त्याच भोकातून पाणी शिरून तो कुजतो. भार होडीच्या लांबीभर बसवलेल्या तुळयांवर पसरला पाहिजे.

टाकी कशाची आहे, यावरही बरेच ठरते. पॉलिथिलीनची टाकी इंधन शोषून सुमारे 2 टक्के फुगते, त्यामुळे तिच्याभोवती थोडी मोकळीक ठेवावीच लागते. तिला रेझिन चिकटत नाही, म्हणून फायबरचे थर देऊन ती जखडताही येत नाही. ॲल्युमिनियमचे दुखणे वेगळे. त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याला गंजण्यापासून वाचवतो, आणि तो टिकायला हवा लागते. टाकीखाली गालिच्याचा तुकडा किंवा प्लायवूड सरकवले, की ते खारे पाणी धरून ठेवते आणि टाकीला खालून खड्डे पडतात. त्याऐवजी नियोप्रीनच्या पट्ट्या टाकीला चिकटवाव्यात आणि पाणी निघून जाईल एवढी फट मध्ये सोडावी. भोवतीची सारी पोकळी फोमने भरून टाकण्याचा मोह होतो. छोट्या मासेमारी होडीत मी तो टाळायलाच सांगेन, कारण फोमच्या फटीत शिरलेले पाणी ना दिसते, ना काढता येते.

टाकी सरकू नये म्हणून चारही बाजूंना ठोकळे हवेत. उचलली जाऊ नये म्हणून वरून पट्टे हवेत. ठोकळ्यांचे काम पट्ट्यांवर टाकले की पट्टे पुन्हा सैल होणारच. हे ठोकळे बसवताना जुने फायबर रंग जाईपर्यंत घासावे, ॲसिटोनने पुसावे आणि इपॉक्सी वापरावे. पूर्ण कडक झालेल्या जुन्या थरावर नव्या पॉलिस्टर रेझिनचा रासायनिक जोड जवळजवळ होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. इपॉक्सीची पकड त्याहून कितीतरी पक्की असते. स्टीलचा पट्टा ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नये; खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंची जोडी ॲल्युमिनियमला खाते.

टाकी फुटण्याआधी बहुतेकदा तिच्या नळीचा जोड सैल होतो. टाकीत डिझेलऐवजी पेट्रोल असेल, तर हे अधिक धोक्याचे. गळलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्का झाले तरी एक ठिणगी पुरते. त्यामुळे इंधन पूर्ण काढून, तळ मोकळ्या हवेने धुऊन निघाल्याशिवाय तिथे ग्राइंडर नेऊ नये.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच हे काम उरकून घ्या. टाकी रिकामी करा, दोन्ही हातांनी चारही दिशांना ढकलून पाहा. जराही हलली तर आधी नळीचे जोड तपासा, मग ठोकळे आणि पट्टे. आणि तळातून पेट्रोलचा वास आला, तर इंजिनच काय, बॅटरीच्या बटणालाही हात लावू नका.