धार काढता काढता इंग्रजी

इंग्रजी यावे असे कुणाला वाटत नाही? पण विषय निघाला की घराघरांतून एकच उत्तर येते, "आम्हाला कुठला आलाय वेळ?" आणि ते खोटे नाही. पहाटे उठून शेणघाण, धार, डेअरीला दूध, भाकऱ्या, मुलांचे डबे, मग दिवसभर शेत. दिवे लागले की पुन्हा गोठा, पुन्हा चूल. त्यात रात्रीची वीज असली तर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघायचे. अशा माणसाला "रोज एक तास अभ्यास करा" असे सांगणाऱ्याने शेती केलेली नसते, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा वाचकहो, आज तुम्हाला वेगळा वेळ काढायला सांगायचेच नाही. कापसाच्या ओळीत आपण मुगाची ओळ टाकतो. मुगासाठी काही वेगळे रान नांगरत नाही. भाषाही तशीच आंतरपीक म्हणून घेता येते. रान तेच, मशागत तीच, फक्त मधली रिकामी पट्टी वाया जाऊ द्यायची नाही.

गरज कुठे अडते?

इंग्रजी म्हणजे कोट घालून भाषण करणे नव्हे. औषधाचा डबा हातात घेतला की गरज कळते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे पुष्कळ होती, सारा दोष भाषेवर टाकता येणार नाही. पण हातातल्या डब्यावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येते, तो चार पावले तरी सावध राहतो.

डब्यावर चौकोनात रंगाची खूण असते, ती आधी ओळखा. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नका. तेही विषच, फक्त कमी तीव्र. त्याच्या जोडीला हे शब्द शिका. 'पॉयझन' म्हणजे विष, 'डेंजर' म्हणजे धोका, 'कॉशन' म्हणजे जपून, 'अँटिडोट' म्हणजे विषावरचा उतारा आणि 'एक्स्पायरी डेट' म्हणजे औषध वापरायची शेवटची तारीख. एका आठवड्याचा अभ्यास एवढाच पुरे. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मराठी मजकूरही असतो. अक्षर बारीक असते, पण तो आधी वाचा. अर्धवट इंग्रजीच्या भरवशावर औषधाचे प्रमाण ठरवू नका. शंका आली तर कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

परकी भाषा, ओळखीचे शब्द

"आमची जीभ वळणार नाही," असे कुणी म्हटले तर त्याला विचारा, बटाटा कुठला? शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. खरीप आणि रब्बी हे तर अरबी शब्द. आज त्यांच्यावाचून आपले शेतीचे वर्ष सांगता येत नाही. आणि मोटर, पाईप, व्हॉल्व्ह, स्टार्टर, फ्यूज, क्लच, मीटर, बिल हे शब्द कुणी वर्गात बसून शिकवले? कामात आले, म्हणून तोंडात बसले. एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून असे शब्द मोजून पाहा. शंभराच्या पुढे सहज जातील. म्हणजे तुमचे बियाणे घरातच आहे. राहिली ती वाक्याची बांधणी.

तिथे एक मोठा फरक ध्यानात ठेवायचा. मराठीत क्रिया शेवटी येते, "मी अंगण झाडते." इंग्रजीत ती कर्त्याच्या पाठोपाठ येते, "आय स्वीप द यार्ड." मी, झाडते, अंगण. सुरुवातीला हे उलटे वाटते. पण रोज तेच काम करताना तेच वाक्य म्हटले की हात आणि तोंड एकाच लयीत चालू लागतात.

काम तेच, वाक्य नवे

एक काम निवडा आणि त्याला एक वाक्य बांधून टाका. धार काढताना, "आय मिल्क द काऊ." वैरण टाकताना, "द काफ इज हंग्री," वासराला भूक लागली आहे. पाणी सोडताना, "द मोटर इज ऑन." ते वाक्य पुटपुटू नका, मोठ्याने म्हणा. गाय हसणार नाही.

आठवडाभर एवढे झाले की त्याच वाक्याला काळ लावा. आज झाडते, "आय स्वीप." काल झाडले, "आय स्वेप्ट." उद्या झाडीन, "आय विल स्वीप." एका झाडूत तीन काळ झाले. व्याकरणाचे पुस्तक उघडायची गरज पडली नाही.

एक खोडी मात्र सांभाळा. इंग्रजीत लिहिलेले आणि बोललेले नेहमी जुळत नाही. नांगराला 'प्लाव' म्हणतात, पण नुसती अक्षरे जोडून वाचली तर भलताच उच्चार होतो. म्हणून शब्द आधी कानाने घ्या, मग डोळ्यांनी. घरात मोबाईल असेल तर त्यावरच्या शब्दकोशात उच्चार ऐकता येतो. एस.टी.ची वाट पाहताना किंवा डेअरीच्या रांगेत तेवढेच करावे.

उजळणी पाण्याच्या पाळीसारखी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाठ केलेले विसरते, म्हणून पुष्कळ जण पहिल्या महिन्यातच हात टेकतात. विसरणे हा तुमच्या डोक्याचा दोष नव्हे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने अर्थ नसलेली अक्षरे स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो हे मोजले आणि 1885 साली ते पुस्तकरूपाने छापले. त्याला असे दिसले की शिकल्यानंतर पहिल्या काही तासांतच पुष्कळसे विसरते, पुढे विसरण्याचा वेग कमी होतो. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढीच उजळणी निरनिराळ्या दिवशी वाटून केली तर ती अधिक टिकते.

शेतकऱ्याला हे नवे नाही. सगळे पाणी एकाच दिवशी सोडले तर वाहून जाते, मुळाला लागत नाही. आपण पाळ्या देतो. शब्दांनाही पाळ्या द्या. आज शिकलेले उद्या आठवा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मात्र वही लगेच उघडू नका. आधी आठवण्याचा प्रयत्न करा, अगदीच सुचले नाही तर पाहा. खिशात मावेल एवढी वही, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, एवढे साधन बास झाले.

रोज तीन शब्द घेतले तर वर्षात हजार होतात. निम्मे गळाले तरी पाचशे पदरात पडतात. सुगीच्या दिवसांत शिकणे बंद ठेवा, पण उजळणी सोडू नका. एक शब्द आठवला तरी तो दिवस फुकट गेला नाही.

देवराष्ट्र्याची मुलगी

आपल्यापेक्षा अडचणीत शिकलेले लोक होऊन गेले. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी 1862 साली रमाबाई रानडे यांचा जन्म झाला. 1873 साली, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने आधी मराठी शिकवले, मग इंग्रजी. घरातल्या थोरल्या बायकांना हे पसंत नव्हते. त्यांची बोलणी खायची, घरचे काम उरकायचे आणि मग धडा घ्यायचा, असा तो अभ्यास होता. पुढे त्या मराठीत आणि इंग्रजीतही भाषणे करू लागल्या. 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात त्यांनी ते दिवस लिहून ठेवले आहेत. आज आपल्याला टोमणे मारणारे तेवढे कुणी नाही. पण एक अडसर अजून आहे.

लाज सोडा

तो अडसर म्हणजे लाज. "या वयात आता काय," "पोरे हसतील," हे आपणच आपल्याला सांगत असतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज तुमच्या घरातले शाळकरी पोर या विषयात तुमच्या पुढे आहे. मग त्यालाच गुरू करा. जेवताना म्हणा, "मला आज तीन शब्द सांग, उद्या माझी परीक्षा घे." चूक झाली तर हसू द्या, तुम्हीही हसा.

यात तुमचा फायदा आहेच, पण पोराचा त्याहून मोठा. दुसऱ्याला शिकवताना त्याचे स्वतःचे पक्के होते. शिवाय चुकायला भ्यायचे नसते, हे ते आईबापांकडे पाहून शिकते. पुढे शहरातल्या कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की खेड्यातली हुशार मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. पुष्कळदा कमी असते ती धिटाई. ती पुस्तकात मिळत नाही. ज्या घरात आई चूलीपुढे बसून चुकतमाकत "द मिल्क इज हॉट" म्हणते, त्या घरातले मूल उद्या चारचौघांत तोंड उघडायला कचरणार नाही.

तेव्हा मुहूर्त शोधू नका. आज संध्याकाळी गोठ्यात गेलात की एकच वाक्य म्हणा. उद्या सकाळी ते आठवते का पाहा. आठवले तर उगवण झाली असे समजा, नाही आठवले तर पुन्हा पेरा.