तिवरांवरील कीटक आणि खाडीचे जीवन

पावसाळा सरत आला म्हणजे मुंबई-ठाण्याकडील खाड्यांलगतची तिवरे काही वर्षी थोड्याच दिवसांत तपकिरी व निष्पर्ण दिसू लागतात. पाहणाऱ्यास वाटते की, झाडे मेली. मग कोणी औषध फवारण्याचा आग्रह धरतो, तर कोणी वाळके लाकूड समजून कुऱ्हाड उचलतो. अशा वेळी खाडीकाठच्या शाळेतील शिक्षकास खरा प्रकार ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ही पाने खाणारी अळी एका लहान पतंगाची असते. सागाची पाने फस्त करणारी अळी ती हीच. ती तिवराची पाने खाते. शेजारची कांदळ व चिपी ही झाडे मात्र बहुधा हिरवीच राहतात. पाने संपली तरी तिवराच्या फांद्या व मुळे जिवंत असतात. अळ्या कोशात गेल्या की, काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. दरम्यान अळ्यांवर पक्ष्यांचे पोषण होते. अळ्यांची विष्ठा चिखलात पडून सूक्ष्म जीवांच्या कामी येते आणि पानांत साठलेली पोषक द्रव्ये त्वरेने चिखलात परततात. म्हणजे पानांचा नाश हा खाडीच्या अन्नसाखळीतील एक दुवाच होय.

कीटकांचे दुसरे कार्य परागीभवनाचे. उन्हाळ्यात तिवरास बारीक, पिवळसर, सुवासिक फुलांचे गुच्छ येतात. त्यांवर मधमाश्या व इतर कीटक मध गोळा करतात आणि एका फुलातील पराग दुसऱ्यावर नेतात. त्यांच्यावाचून पुरेसे बी धरणार नाही व वनाची नवी पिढी उगवणार नाही. चिपीची फुले सायंकाळी उमलतात. त्यांवर रात्री पतंग व वटवाघळे येतात.

तिसरे कार्य रक्षणाचे. पाने रेशमी धाग्यांनी जोडून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, पाने खाणाऱ्या किड्यांची शिकार करतात. थायलंडमधील कांदळांवर केलेल्या अभ्यासात अशा मुंग्या असलेल्या झाडांची पाने कमी खाल्ली गेल्याचे आढळले आहे.

आता फवारणीचा परिणाम पाहावा. कीटकनाशक अळीपुरते थांबत नाही. मधमाश्या व मुंग्या त्याने मरतात. खेकडे व कोळंबी हे कीटकांचेच दूरचे आप्त असल्याने त्यांनाही ते घातक ठरते. भरतीच्या पाण्याबरोबर विष खाडीभर पसरते आणि कोळ्याच्या जाळ्याला तोटा होतो. तिवर तोडले तर लाटांचा मारा अडविणारी गावाची भिंतच ढासळते.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचविता येईल. ओहोटीची वेळ पाहून मुलांना काठावर न्यावे; चिखलात उतरू देऊ नये. पानगळ झालेल्या तिवराच्या पाच फांद्यांना दोरा बांधून दर आठवड्यास नव्या पानांची संख्या वहीत नोंदवावी. गेव्याचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने पाने तोडण्यास मनाई करावी. महिन्याभराची नोंद पालकांच्या सभेत मुलांनीच वाचून दाखवावी. ज्या झाडाला पालवी फुटताना मुलाने स्वतः मोजली आहे, त्याला ते मेलेले म्हणणार नाही.